नाव टाकलेली भांडी

१ डिसेंबर २०२४

आलो बाई एकदाचे आपल्या घरात! ट्रकवाल्यानं कपाटाचा आरसा फोडला, आमच्या लेकीनं, गार्गीनं, आल्या आल्या भिंतीवर पेन्सिल फिरवली, नवरोबा मन्मथच्या पाठीत उसण भरली, तरी आज मला कुणाचाच राग आला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण असे दिवस माझ्या आयुष्यात कमीच.

घर जुनं आहे. नांदेडच्या वजिराबादेत मागच्या गल्लीतली तीन मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर एवढीशी गॅलरी. शहाबादी फरशी चालून चालून गुळगुळीत झालेली. पाण्याचा भरवसा नाही, जिन्यात दिवा नाही. पण गॅलरीत उभं राहिलं की करमणूकच करमणूक! खाली अत्तराचं दुकान, त्याला लागून पगडीच्या कापडाचं, कोपऱ्यावर जिलेबीची कढई. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येतं, अजान येते, विहारातली वंदना येते, आणि या सगळ्यात खालच्या रिक्षावाल्याची रिक्षा काही चालू होत नाही. बोलणं तर काय सांगावं. आम्ही लातूरचे ‘काय करायलीस’ म्हणणार, इथं गल्लीभर वऱ्हाडी वळण, ‘काय करून राहिली’. जो तो काही ना काही करून राहिलेला. मी दिवसभर तोंडाला पदर लावून हसले.

खरा आनंद वेगळाच आहे. लग्न झाल्यापासून लातूरच्या एकत्र घरात मी ज्या ताटात जेवले त्यावर सासूबाईंचं नाव, ज्या पेल्यानं पाणी प्याले त्यावर मोठ्या जाऊबाईंचं, ‘सौ. शिल्पा’. माझी माहेरची भांडी माळ्यावर गेली ती कधी उतरली नाहीत. भांड्याच्या दुकानातली ती विजेची कलम टर्रर्र करत ठिपक्या-ठिपक्यांचं नाव टाकते ना, तसं त्या घरात प्रत्येकावर शिल्पावहिनींचं नाव टाकलेलं होतं. भाजी चांगली झाली की ती शिल्पाची, खारट झाली की माझी. गार्गीसुद्धा शाळेतून आली की आधी त्यांच्या गळ्यात पडायची. म्हणून यायच्या आधी मी नवी भांडी घेतली आणि झाडून सगळ्यांवर नाव टाकून घेतलं, ‘सौ. ऋतुजा’. चमच्यांवरसुद्धा. दुकानदार हसला. हसू दे.

निघताना वहिनींनी वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी हातात दिलं. आकारावरून तांब्या असावा. भेटीच्या भांड्यावर देणारीचंच नाव असतं, म्हणजे पुन्हा ‘सौ. शिल्पा’ माझ्या ओट्यावर! कागद न सोडताच माळ्यावर टाकून दिलं.

संध्याकाळी शेजारच्या महामायाताई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पहिल्या दिवशी कुठं चूल पेटवता म्हणून भाकरी आणि मोठी वाटी भरून पिठलं आणलं. वाटीवर नाव होतं, ‘गुणाबाई केरबा’. या घरात आधी राहायच्या त्या. पावसाळ्यात वारल्या आणि त्यांच्या मुलानं, शेषेरावांनी, आम्हाला घर विकलं. वाटी ताईंकडं राहून गेली होती. घरची वाटी घरी आली, असं म्हणून महामायाताईंनी डोळे पुसले. पिठलं मात्र झकास होतं.

५ डिसेंबर

भांडी येतच आहेत. खालच्या मजल्यावर रजियाआपा आहेत, शिलाई करतात, त्या खिचडी आणि चिंचेचा खट्टा घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरच्या बीजी, शीख आहेत, दोन्ही गुडघे धरत जिना उतरून पिन्नीचे लाडू देऊन गेल्या. सगळ्यांच्या हातात गुणाबाईचंच भांडं. बाई जन्मभर साऱ्या इमारतीला काही ना काही पाठवत राहिल्या आणि त्यांची पातेली, डबे, वाट्या घरोघर अडकून पडल्या. आता सगळ्यांना एकदम आठवण झाली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, त्यामुळं प्रत्येक भांडं भरून येतंय. स्वयंपाक करायची गरज नाही, मजा आहे.

पण भांड्याबरोबर कौतुकही भरून येतं हो! रजियाआपांचं म्हणणं, गुणाखालाच्या हातात अल्लानं बरकत दिली होती. बीजी म्हणाल्या, गुणा असताना या जिन्यात उदास माणूस दिसायचं नाही. महामायाताई म्हणतात, लोह्याची बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण माणूस वाचायची. मी त्यांना चहा दिला तर बीजी प्रेमानं म्हणाल्या की गुणा गवती चहा टाकायची. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्याच कपातनं चहा पीत! मी हसले आणि त्यांच्या दुसऱ्या कपात साखरच टाकली नाही.

लातूरची शिल्पा सोडून आले, इथं मेलेली शिल्पा माझ्या आधी येऊन बसलीये.

११ डिसेंबर

आज डोकं फिरलंय. जेवताना मन्मथनं सांगितलं की घर पाहायला तो पहिल्यांदा आला तेव्हा गुणाबाई होत्या. मला हे आजवर माहीतच नव्हतं. उन्हातनं आला म्हणून त्यांनी बसवून घेतलं, गरम धपाटे थापून दिले, वर दही. थापताना त्यांच्या हातावरचं हिरवं गोंदण पिठात बुडायचं, हेही त्याच्या लक्षात आहे. माझ्या हातात बांगड्या कुठल्या आहेत ते विचारा त्याला! शेषेराव आईला पुण्याला न्यायचं म्हणत होते, तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, म्या कुठं जाऊन राहिले, म्या हितंच हाय.

मी लगेच रात्रीच्या जेवणाला धपाटे केले. ज्वारी, बेसन, तीळ, सगळं मोजून-मापून. मन्मथनं खाल्ले, चांगले झालेत म्हणाला, आणि वर म्हणाला की त्यांच्या धपाट्यात काहीतरी वेगळं होतं. एका दुपारची ओळख! तवा तसाच सिंकमध्ये आपटला. एवढ्या वर्षांत माझ्या हाताची एक गोष्ट या माणसाच्या लक्षात नाही.

ओट्यावर तिच्या भांड्यांचा मनोरा झालाय. येता-जाता नाव वाचायचं. गुणाबाई केरबा. गुणाबाई केरबा. माझ्या घरात माझ्यापेक्षा तिच्या नावाची भांडी जास्त.

१७ डिसेंबर

करून टाकलं. सगळी भांडी पोत्यात भरून इतवाऱ्यात गुंडप्पांच्या दुकानी नेली. म्हटलं, हे नाव घासून काढा आणि माझं टाका. गुंडप्पांनी पातेलं उलटं-सुलटं करून पाहिलं. म्हणाले, गुणाबाईला मी चांगला ओळखत होतो, ही भांडी माझ्याच दुकानची. तिच्या पोराला विचारलं का? नको असतील तर मोडीत द्या, बदली नवी घ्या, पण गेलेल्या बाईचं नाव खोडून जित्या बाईचं टाकत नाहीत हो कुणी. मी म्हटलं, घरासकट सगळं आमचं झालंय, तुम्ही मशीन चालवा.

चालवली. आधी घासायचं चाक, मग कलम. टर्रर्र, टर्रर्र. गुणाबाई पुसत गेली आणि ऋतुजा उमटत गेली. इतकं गार वाटलं छातीत, काय सांगू! घरी आणून सगळी मांडणीवर लावली आणि पुन्हा पुन्हा वाचली.

महामायाताईंना दिसलीच. त्यांनी तोंड बारीक केलं. त्या भुताखेतांचं काही मानत नाहीत, पूजाअर्चाही नाही. इतकंच म्हणाल्या, की भांडी शेषेरावांना द्यायची होती, आणि देताना त्यात चिमूटभर साखर तरी घालून. मी म्हटलं, बघू.

२२ डिसेंबर

लिहायला सुचत नाही इतकी खुश आहे. काल तिळाची चटणी केली आणि घरोघर पाठवली. रजियाआपा धावत वर आल्या, माझे दोन्ही हात धरले. बीजींनी बोटं चाटून वाटी परत पाठवली, त्यात बदाम. मन्मथ भाकरीवर भाकरी खात राहिला. हेच तर हवं होतं मला!

एक गंमत. चटणीत मी थोडं कारळंही भाजून टाकलं. लातूरला आमच्याकडं असं करत नाहीत. कुणी सांगितलं मला? हात आपोआप डब्याकडं गेला. मन्मथला विचारलं, तेव्हाच्या धपाट्यांत वेगळं ते काय होतं? तो म्हणाला, हेच. कारळं.

दुपारी स्वयंपाकघरातून ती मशीन चालल्यासारखी वाटली. टर्रर्र. पाहिलं तर काही नाही. फ्रिज जुना झालाय.

३१ डिसेंबर

काल येळवस होती, शेतातल्या पूजेची अमावस्या, म्हणून दोन दिवस लातूरला जाऊन आलो. सगळं घर शेतावर. कडब्याच्या कोपीतली पूजा, सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, मुलं हरभऱ्यात लोळत होती. भज्जी या वेळी मी केली. शिल्पावहिनींनी पहिला घास घेतला आणि चक्क म्हणाल्या की ऋतुजा, असली भज्जी मी जन्मात खाल्ली नाही. सगळ्यांसमोर! इतकी वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. हरभऱ्यात मीही लोळले असते.

पण नंतर त्यांनी मी नेलेला डबा पाहिला आणि विचारलं, गुणाबाई कोण? मी म्हटलं, कुठंय गुणाबाई, नीट वाचा. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. माझा नवा डबा. गुंडप्पांकडं नेलेला नव्हे, मी स्वतःच्या पसंतीनं विकत घेतलेला. ‘सौ. ऋतुजा’ची सगळी अक्षरं अर्धवट मिटलेली आणि त्यातून दुसरी वर आलेली. घाईत अदलाबदल झाली असेल असं मी सांगून टाकलं. तब्येत बरी आहे ना, चार दिवस राहून जा, वहिनी म्हणाल्या. मला आला राग. भज्जी चांगली झाली तर लगेच मी आजारी!

आज परतलो. कुलूप उघडलं तर घरात ताज्या फोडणीचा वास. रजियाआपा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, तुम्ही गावाला जाणार होता ना, मग काल दिवसभर पाट्यावर काय वाटून राहिला होता? आमच्या घरात पाटा नाहीच. मी त्यांना तसं म्हटलं नाही. उलट एक गोष्ट लिहिते, लाज वाटते तरी. भीती वाटायच्या आधी मला वाटलं, मी नसताना ही बया माझ्या ओट्यावर!

१५ जानेवारी

संक्रांत झाली. काय ठरवलं होतं आणि काय झालं!

ठरवलं होतं की नांदेडातलं पहिलं हळदीकुंकू असं करायचं की गल्लीनं नाव काढावं. गुणाबाई सगळ्यांना नुसता तीळगूळ द्यायची म्हणे. मी वाण लुटणार होते, स्टीलच्या वाट्या, प्रत्येक वाटीवर माझं नाव. म्हणजे साऱ्या इमारतीच्या, साऱ्या गल्लीच्या मांडणीवर ऋतुजा. गुंडप्पांकडून नाव टाकून घेतलं, तिथंच उभं राहून एकेक वाटी वाचली. ऋतुजा, ऋतुजा, ऋतुजा.

काल बायका आल्या. सगळ्या जातीच्या, सगळ्या धर्मांच्या, घर फुलून गेलं. मी वाटी द्यायची, समोरची वाटी पाहायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला कळेना. मग बीजींनी माझं तोंड ओंजळीत धरलं. म्हणाल्या, पुत्तर, तुझं मन किती मोठं, तू गुणाच्या नावानं वाण दिलंस.

त्यांच्या हातातली वाटी हिसकून घेतली. ‘गुणाबाई केरबा’. परातीतल्या सगळ्या तशाच.

सगळ्याजणी माझ्याभोवती जमल्या, माझी पाठ थोपटून राहिल्या आणि मी मध्ये उभी. इतकं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं. आणि त्यातलं एकही अक्षर माझं नव्हतं.

आज गुंडप्पांकडं जाऊन भांडले. ते शपथेवर म्हणाले, बाई, ऋतुजाच टाकलं, तुम्हीच वाचून घेतलं की.

१८ जानेवारी

आता घरात माझ्या नावाचं एकही भांडं नाही. चमचेसुद्धा गेले. दुपारी ती मशीन चालते, टर्रर्र, टर्रर्र, आणि थांबली की काहीतरी बदललेलं असतं.

मागची पानं चाळली. ‘थोपटून राहिल्या’ असं मी लिहिलंय. मी? लातूरची? इथल्या बोलण्याला मी पदर लावून हसत होते ना?

डाव्या मनगटावर हिरवे ठिपके उठलेत. मेंदी नाही, शाई नाही. घासून घासून कातडी लाल झाली, ठिपके तसेच.

२० जानेवारी

गार्गी शाळेतून आली. दप्तर टाकलं, मला चिकटली, धपाटे मागितले. मग विचारलं, आजी, आई कुठं गेली?

मी म्हटलं, अगं मीच आई. ती हसली. तिला ती थट्टा वाटली. लेकरू घाबरलं नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

मन्मथ आला. मला पाहून चप्पल बाहेर काढली, परक्या घरी काढतात तशी. गुणाबाई, तुम्ही कशाला त्रास घेतला, ऋतुजा कुठाय, असं अदबीनं विचारलं. आरडाओरडा केला मी. त्याचा दंड धरला, लग्नातल्या गोष्टी सांगितल्या, त्याच्या पाठीवरचा तीळ सांगितला. तो गोंधळला, मान खाली घातली. म्हणाला, ऋतुजा तुमच्याजवळ सगळंच बोलते वाटतं.

२२ जानेवारी

महामायाताई एकट्या राहिल्यात मला ओळखणाऱ्या. त्याही नीट नाही. माझ्याकडं बघताना डोळे चोळतात. म्हणाल्या, भूतबीत काही नसतं, तू थकलीस. पण दुसऱ्याच्या वस्तूवरचं नाव खोडलंस, ते तुला आतून खातंय. सोपं आहे. भांडी भर, दारोदार जा, तोंडानं म्हण की ही गुणाबाईची, तिच्या आठवणीनं दिली. मग शेषेरावांकडं पाठव. मन जागेवर येईल.

म्हणून वाटीत चटणी भरली. आपांच्या दारात गेले. वाक्य पाठ केलं होतं. ही गुणाबाईची. एवढंच तर म्हणायचं होतं!

आपांनी वास घेतला, डोळे मिटले, म्हणाल्या, हाय अल्ला, गुणाखाला —

आणि माझ्या पोटात असा जाळ उठला. मी केली, मी वाटली, हात माझे भाजले, आणि नाव पुन्हा तिचं? तोंडातून निघून गेलं की गुणाबाईचं काय त्यात? माझी आहे. चटणी माझी, वाटी माझी, घर माझं!

आपा हसल्या. हां हां खाला, तुमचंच तर सगळं, म्हणाल्या.

२४ जानेवारी

लातूरला जायला पाहिजे. वहिनी म्हणाल्या होत्या, राहून जा. पण त्यांच्या दारात जाऊन हात पसरू? मेले तरी —

शेवटी फोन लावला. वहिनी, मी बोलायले, म्हटलं. लातूरसारखं बोलायचा जोर केला. त्या म्हणाल्या, कोण, शेजारच्या आजी का? आजी, आमच्या ऋतुजाला द्या हो फोन. मन्मथभाऊजी म्हणतात, ती घरात नाही. येळवसला मला तिचा चेहरा बरा दिसला नव्हता, तिला एकटी सोडू नका, लाडकी हाय ती आमची.

लाडकी. कधी सांगितलं नाही मला.

२५ जानेवारी

तांब्या! माळ्यावर वहिनींचा तांब्या. न सोडलेला. तिचं नाव असेल, असू दे, शिल्पा तर शिल्पा, गुणाबाई नको —

कागद फाडला. ‘सौ. ऋतुजा’.

तळ उलटून पाहिला. काठ पाहिला. शिल्पा कुठंच नाही. देणारीनं स्वतःचं नाव टाकलंच नव्हतं. मी कागद सोडला असता तर — पहिल्याच दिवशी —

छातीशी धरून बसले. मोठ्यानं वाचलं. ऋतुजा. गार्गीनं मान वर केली. माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाली, आई, कधी आलीस?

क्षणभरच. पण म्हणाली! ह्याला सोडायचं नाही. रोज वाचायचं. कलम चालली तर मध्ये हात घालायचा. उद्या तांब्या घेऊन लातूर, गार्गीला घेऊन, पहिल्या गाडीनं —

२६ जानेवारी

जाणं झालं न्हाई. घर भरलं. ऋतुजा गेली, म्हणतात सारी. मन्मथ फोटो घेऊन बसला. रडून राहिला. त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ऋतुजाच्या हाताला काय चव होती, म्हणतो. ऋतुजाच्या हिरव्या बांगड्या, म्हणतो. बांगड्यासुद्धा आठवल्या त्याला!

महामाया आली, आपा आली, बीजी आली. सगळ्या तिचंच बोलून राहिल्या. लई गुणाची पोर होती. वाण काय दिलं. मन काय मोठं. मी चहा करून दिला. गवती चहा घालून. माझ्याकडं कुणाचं ध्यान न्हाई.

मनगटावर नाव पुरं झालं. दुखत न्हाई आता.

२७ जानेवारी

आजबी तेच. ऋतुजा, ऋतुजा. भिंती बोलून राहिल्या जसं काही. लेकरू माझ्या हातचं खातं अन् तिचं नाव घेतं. लातूरहून ती शिल्पा येऊन राहिली म्हणे, तिच्यासाठी रडत. कोण ही पोरगी? काल आली अन् सारं घर तिचं झालं?

ओट्यावर तिचा तांब्या हाय. एकलाच. साऱ्या भांड्यांत त्योच डोळ्यात खुपतो. येता-जाता वाचावं लागतं. मला न्हाई बघवत. गार्गी इचारून राहिली, आजी, हा तांब्या कुठं घेऊन चाललीस? म्हटलं, बाळ, हितंच, गुंडप्पाच्या दुकानी. हे नाव तेवढं घासून काढते अन् त्याच्यावर माझं —